बुचाचा प्लॉट

शेत विकलं की माणूस मोकळा होतो म्हणतात, ते साफ खोटं आहे. सुंदररावांनी केजच्या शिवेवरचं आपलं शेत प्लॉट पाडून विकलं, एक तुकडा सोडला तर सगळं विकलं, तरी ते शेत काही त्यांना सोडायला तयार नव्हतं. येळवसेच्या सकाळी ते धुवट धोतर नेसून, डोक्याला फेटा गुंडाळून, काखेत आंबिलीचं मडकं आणि हातात कडुनिंबाचा डहाळा घेऊन त्या उरलेल्या तुकड्यात उभे होते. समोर कडब्याच्या पेंढ्यांची छोटी झोपडी, म्हणजे कोप, रचलेली होती. कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडलेले होते. आणि कोपीच्या दाराशी त्यांच्या बायकोनं, छबुबाईनं, भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीच्या, पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं होतं, तरी वासानंच माणूस घायाळ व्हावा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आपल्याकडं घराला कुलूप घालून माणसं रानात जातात, पांडवांची पूजा करतात, आंबील शिंपडत शेताला फेरी मारतात आणि मग जेवायला बसतात ते दिवस मावळेपर्यंत उठत नाहीत. पुढचा ‘ओलगे ओलगे’ म्हणतो, मागचे ‘सालम पोलगे’ म्हणतात. याचा अर्थ काय, ते ना पुढच्याला ठाऊक असतं ना मागच्याला; पण म्हटलं नाही तर जेवण गोड लागत नाही.

गेली काही वर्षं सुंदरराव फेरी मारत होते ती नुसती त्या एका प्लॉटाची. मिनिटाभरात व्हायची. एकदा तर मोबाईलवर बोलता बोलताच झाली होती. या वर्षी मात्र छबुबाईनं अट घातली होती.

“आख्ख्या शेताची फेरी करा. मामंजी करायचे तशी. मागं पाऊल टाकायचं न्हाई, मडकं खाली टेकवायचं न्हाई. फेरी पुरी झाली की मी सही करते.”

सही हवी होती त्याच उरलेल्या प्लॉटच्या विक्रीवर. कधीकाळी भाऊबंदकीच्या भीतीनं तो सुंदररावांनी बायकोच्या नावावर केला होता, आणि बायकोच्या नावावर केलेली वस्तू बायकोचीच होऊन बसते हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आलं. परळीचा वीटभट्टीवाला शहादेव हा प्लॉट घ्यायला टपला होता. तो दुपारी जेवायलाच येणार होता आणि बोलणी पक्की करून जाणार होता. त्या पैशातून एक पांढरी, उंच गाडी घ्यायची, ती गावातून दोन-चार वेळा हळूहळू फिरवायची आणि पुढच्या वेळी नगरपंचायतीला उभं राहायचं, असा सुंदररावांचा बेत होता. दोन वर्षं नाही म्हणणारी बायको आता एका फेरीवर तयार झाली म्हटल्यावर ते मनात हसले होते. बायकांचं असंच, म्हणाले, देवाधर्माचं नाव काढलं की विरघळतात.

बायकांना ओळखण्यात सुंदरराव कायमच कच्चे होते.

आता त्या शेताची कथा सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. वडील गेल्यावर शेताच्या दोन वाटण्या झाल्या. हायवेकडची बाजू थोरल्या सुंदररावांना आली, मागची धारूर रोडकडची धाकट्या तानाजीला. मध्ये बांध. त्या काळी या रानातून सगळा गाव जायचा. शाळेची पोरं, दूधवाले, उसाच्या तोडीला निघालेल्या टोळ्या, सगळे धारूर रोडवरून आत शिरायचे आणि बांध ओलांडून हायवेला बाहेर पडायचे. ती वाट कुणी आखली नव्हती. पायांनी पडली होती, आणि कुणी कधी कुणाला अडवलं नव्हतं.

मग एका वर्षी तानाजीच्या ट्रॅक्टरनं हातभर बांध कोरला. कोरला की नाही हे देव जाणे, पण सुंदररावांना तसं दिसलं आणि बोलणं बंद झालं. पुढं हायवे चारपदरी झाला, रानाचे भाव चढले, आणि जो तो शेतात पांढरी फक्की टाकून प्लॉट पाडायला लागला. सुंदररावांनीही पाडले. नकाशा काढणारा पोरगा बिचारा सरळ मनाचा होता. तो म्हणाला, काका, चारही गल्ल्या बांधापर्यंत नेऊ, मागून तुमचे भाऊ त्यांच्या गल्ल्या आणून जोडतील, रस्ता आरपार होईल.

“म्हंजे माझ्या रस्त्यानं त्याचे प्लॉट हायवेला लागणार?” सुंदरराव उसळले. “त्याच्या म्हशीला माझी पेंड कावून चारू बे?”

आणि त्यांनी चारही गल्ल्यांच्या शेवटाला, बांधाला लागून, एक-एक आडवा प्लॉट टाकला. बाटलीला बूच मारावं तशी गल्ली बंद. तानाजीला कळलं तेव्हा त्यानं बांधावर भिंत घातली आणि आपल्याही गल्ल्या भिंतीशी आणून थांबवल्या. मग शेजारचा राधाकिशन म्हणाला, हे थोर लोक असं करतात त्याअर्थी त्यात काहीतरी फायदा असणार. त्यानंही तेच केलं. त्याच्या शेजाऱ्यानंही केलं. बघता बघता केज त्या अंगाला दुप्पट झालं आणि एकही गल्ली दुसऱ्या गल्लीला ओळख देईना. दोन कंगवे दाताला दात लावून ठेवावेत तशी वस्ती झाली. भिंतीपलीकडच्या घरात मिरचीची फोडणी पडली की अलीकडचा शिंकायचा, पण त्याच घरी लग्नाची पत्रिका द्यायची तर हायवेला या, चौकाला वळसा घाला, धारूर रोडनं आत शिरा. पाण्याचा टँकर आत गेला की उलटा बाहेर यायचा. एका वरातीचं तर असं झालं की आत जाताना पुढं बँड आणि मागं नवरदेव होता. गल्ली संपली, सगळे जागच्या जागी फिरले, आणि बाहेर पडताना नवरदेव पुढं आणि बँड मागं. सासऱ्याला वाटलं जावई पळून चाललाय.

सुंदरराव मात्र गिऱ्हाइकाला सांगत, “शांतता बघा. परकं माणूस गल्लीतून जायाचं न्हाई.” ते खरंच होतं. आपलं माणूसही जात नव्हतं.

चार बुचांपैकी तीन बुचांवर घरं उभी राहिली. चौथं, तिसऱ्या गल्लीच्या टोकाचं, सुंदररावांच्या स्वतःच्या घराला लागून, मोकळं राहिलं. तिथंच पांडवांचे दगड होते, आणि तेच छबुबाईच्या नावावर होतं.

तर त्या सकाळी सुंदररावांनी मडकं उचललं. साथीला होता उत्तरेश्वर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, शेजारीच राहणारा. छबुबाईनं त्याला शिडीही घ्यायला सांगितलं तेव्हा सुंदररावांना आश्चर्य वाटलं.

“शिडी कशाला?”

“असू द्या,” छबुबाई म्हणाली.

खरी गंमत अशी की सुंदररावांच्या डोक्यात शेत अजून मोकळंच होतं. डोळे मिटले की त्यांना ज्वारी दिसायची. फेरी म्हणजे ज्वारीच्या कडेकडेनं चालत जाणं, एवढंच त्यांना आठवत होतं. पण बांधावर आता ज्वारी नव्हती, दीपमाला मॅडमचं घर होतं. दीपमाला मॅडम शाळेत शिकवायच्या. घर बांधताना त्यांनी विचारलं होतं, काका, कडेनं जागा सोडावी लागते ना? आणि सुंदररावच म्हणाले होते, “कोण बघतंय? बांधा शेवटापर्यंत.” त्यामुळं शेताची शीव आता मॅडमच्या स्वयंपाकघरातून जात होती.

“ओलगे ओलगे!” सुंदरराव मॅडमच्या मागच्या दारातून आत शिरत म्हणाले.

“सालम पोलगे!” उत्तरेश्वर शिडी सावरत म्हणाला. शिडीनं डब्यांची एक अख्खी फळी खाली आणली.

“काका, हे काय?” मॅडमच्या हातात झारा होता.

“येळवस हाय, पोरी. शेताची शीव तुझ्या वट्याखालून जाते. त्याला मी काय करू?” असं म्हणून त्यांनी डहाळा आंबिलीत बुडवला आणि गॅसवर, मिक्सरवर आणि मॅडमच्या भज्यांवर सारखी आंबील शिंपडली. मागं पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून पुढं जायला वाट उरली ती खिडकीची. खिडकीला गज नव्हते हे सुंदररावांचं नशीब. ते आधी एक पाय, मग मडकं, मग पोट असे बाहेर पडले. मॅडमही झारा ठेवून मागोमाग निघाल्या. म्हणाल्या, आमच्या माहेरी मोठी येळवस असते, इथं आल्यापासून कुणाच्या रानात जायला मिळालं नाही.

पुढचं घर बँकेतल्या धर्मराजचं. त्यानं तर शिवेवर न्हाणीघर बांधलं होतं आणि तो त्या क्षणी आतच होता.

“धर्मराज, बाहेर ये!” सुंदररावांनी दार वाजवलं.

“साबन लावलंय!”

“आरं, मला मागं फिरता येत न्हाई!”

“मला बी पुढं येता येत न्हाई!”

मडकं जड होत चाललं. खाली टेकवायचं नाही म्हटल्यावर सुंदररावांनी ते एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, मग डोक्यावर घेतलं. उत्तरेश्वरला राहवेना. तो सवयीनं दारावर थाप मारून ओरडला, “चला, उतरून घ्या लवकर, गाडी थांबलीय!” तेव्हा कुठं धर्मराज टॉवेल गुंडाळून बाहेर आला. सुंदररावांनी न्हाणीतून जाता जाता त्याच्यावरही आंबील शिंपडली. अंगावर आंबील पडली म्हटल्यावर तो ‘सालम पोलगे’ म्हणाला, आणि एकदा म्हटल्यावर घरात थांबणं बरं दिसेना, म्हणून तसाच टॉवेलवर फेरीत सामील झाला. उत्तरेश्वरनं त्याच्याकडं शिडीचं एक टोक दिलं.

हायवेची बाजू सोपी गेली. रुंद रस्ता, समोर दुकानांची शटरं, आणि उसानं भरलेले ट्रॅक्टर गाणी लावत चाललेले. इथं सुंदररावांना पुन्हा उत्साह आला. छाती काढून, डहाळा उंच करून ते चालले. मागं मॅडम, शिडी, टॉवेल. एका टपरीवाल्यानं विचारलं, “सुंदरराव, इलेक्शन लागलं का?” त्यावर त्यांनी नकळत हात जोडले आणि मडकं घसरता घसरता वाचलं.

राधाकिशनच्या अंगाला एक कुलूपबंद फाटक चढून जावं लागलं आणि एका कुत्र्याला आंबील पाजावी लागली. ते बिचारं शेपूट हलवत मागं लागलं. असं करत करत फेरी शेवटच्या बाजूला आली. उरली होती मागच्या बांधाची थोडी पट्टी. ती संपली की उरलेला प्लॉट, कोप, भज्जी, सही आणि पांढरी गाडी.

आणि इथं वाटच संपली.

चौथ्या गल्लीच्या टोकाचं घर तानाजीच्या भिंतीला असं चिकटलं होतं की मधून मुंगीही जाऊ नये. या घराला मागं दार नव्हतं, खिडकी नव्हती. मालक पुण्याला, पुढं कुलूप. सुंदरराव थांबले. उजवीकडं घर, समोर भिंत, मागं पाऊल टाकायचं नाही. त्यांना आठवलं की या घराच्या मालकाला आपणच सांगितलं होतं, “मागं दार कशाला? मागं काय हाय? मागं कायबी न्हाई.”

“शिडी लावा,” उत्तरेश्वर म्हणाला.

शिडी तानाजीच्या भिंतीला लागली. सुंदरराव मडकं सांभाळत वर चढले आणि वरच्या पायरीवर जागीच अडकले. भिंतीवर काचा होत्या. त्याही सगळ्या त्यांच्याच बाजूला झुकवून बसवलेल्या. आणि भिंतीपलीकडं, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, तानाजीची गल्ली होती, गल्लीच्या टोकाला तानाजीची कोप होती, आणि कोपीसमोर मांडी घालून परळीचा शहादेव भज्जी खात होता.

“आं? शहादेव, तू तिकडं कसा?”

“या, या!” शहादेव तोंडातला घास गिळत म्हणाला. “मोबाईलवर तुमचा प्लॉट टाकला, तर त्यानं इथं आणलं. म्हणला, पोचलात. उतरलो तर म्होरं भिंत. हे तुमचे बंधू म्हणले, आलाच हाय तर बसा जेवायला. भज्जी एक नंबर झालीय.”

तानाजी उठून भिंतीशी आला. भाऊ भावाकडं बघत राहिला. दोघांचेही केस पिकले होते, आणि ते कधी पिकले हे दोघांनीही पाहिलं नव्हतं.

“फेरी हाय व्हय, दादा?” तानाजी म्हणाला.

“हाय. ही पट्टी राहिलीय. तुझ्या बाजूनं चार पावलं जातो. न्हाईतर तुझी भिंत मोडून जातो.”

“मोड की. पन माझ्या रानातून जायाचं तर मला इचारावं लागंल. रस्ता मागतोस का?”

“रस्ता कशाला मागू? चार पावलं म्हणलं न्हवं!”

“मला बी चारच पावलं पायजे होती की दादा, इतकी सालं,” तानाजी म्हणाला. “हे बघ. तुझं बूच काढ. तुझी गल्ली माझ्या गल्लीला मिळू दे. मी भिंत पाडतो. मंग चार पावलं कशाला, सगळं आयुष्य इथून जा.”

सुंदररावांनी वरूनच मान वळवली. उरलेल्या प्लॉटात छबुबाई पातेल्याशेजारी बसलेली त्यांना दिसत होती. फार लांब नव्हती. नुसती वाट नव्हती.

“अगं, ऐकलंस का ह्यो काय म्हणतोय?” ते ओरडले. “प्लॉटचा रस्ता कर म्हणतोय! रस्ता केल्यावर इकायचं काय?”

“मला काय इचारता?” छबुबाई तिथूनच म्हणाली. “मी म्हणलं, फेरी पुरी करा, सही करते. मी कुठं बदललं?”

“तुला म्हाईत होतं ही वाट बंद हाय!”

“चाळीस सालं मी बांधानं खुरपत आले. मला शीव म्हाईत नसंल तर कुणाला म्हाईत असंल? तुमाला होती का? तुमाला आपला प्लॉटच दिसतो.”

शिडीखाली धर्मराज थंडीनं कुडकुडत होता. सुंदररावांनी बाकीच्यांकडं आशेनं पाहिलं. जोर लावून ते ओरडले, “ओलगे ओलगे!”

कुणीही ‘सालम पोलगे’ म्हटलं नाही. मॅडम खाली बघत होत्या. मग त्याच म्हणाल्या, “काका, माझी शाळा त्या भिंतीपलीकडंच आहे. घंटा झालेली मला घरात ऐकू येते. आणि रोज मी चौकातून वळसा घालून जाते.”

“तू पन?” सुंदरराव म्हणाले.

“निर्णय घ्या, सुंदरराव,” उत्तरेश्वर म्हणाला. “मागं गाड्या लागल्यात.”

छबुबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. लंगडत लंगडत, त्या बंद घराच्या कोपऱ्यापर्यंत, भिंतीच्या जमेल तितक्या जवळ आली. तिचा आवाज आता हळू झाला होता आणि तो सुंदररावांना जास्तच ऐकू आला.

“गेल्या उन्हाळ्यात वत्सलाला खोकला धरला. आठवतंय? तुमाला कसं आठवंल, तुमी बोलत न्हाई त्यांच्याशी. मी इथं प्लॉटात बाज टाकून उशीला डोकं टेकवलं की भितीतनं तिचा खोकला यायचा. माझी जाऊ ती. एका मांडवात लगीन लागलं नसंल, पन एका चुलीवर सहा सालं रांधलं आमी. तिला काढा द्यायचा तर रिक्षा करून चौकातनं जायाचं. दोनदा गेले. तिसऱ्यांदा गुडघ्यानं रिक्षात चढता येईना. मंग दोरीला डबा बांधून टाकला, तर काचाला अडकून फुटला. आमी दोघी दोन्हीकडनं भितीला टेकून बसलो. ती खोकत होती अन् मी रडत होते. तुमी म्हणला, शांतता हाय आपल्या गल्लीत.”

भिंतीपलीकडून एक बाई तानाजीच्या मागं येऊन उभी राहिली होती. ती वत्सलाबाई. थोरल्या दिरासमोर बोलायची तिला सवय नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली, एवढंच.

सुंदररावांना खूप काही बोलायचं होतं. बांध कुणी कोरला हे बोलायचं होतं. काचा कुणाच्या बाजूला झुकवल्या ते बोलायचं होतं. पण भुकेनं पोटात कावळे ओरडत होते, काखेतलं मडकं आता पोत्याएवढं झालं होतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यांना तो डबा आठवला. भिंतीखाली सांडलेला काढा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला होता आणि कुणी घाण केली म्हणून छबुबाईवरच खेकसले होते.

“दिला,” ते म्हणाले.

“काय दिला?” तानाजीनं विचारलं. भाऊबंदकीत मुरलेला माणूस, असा कसा सोडेल?

“रस्ता! आजून काय देऊ, डोस्कं?”

“आदी उतर, दादा. पडशील.”

तानाजीनं एक घोंगडी घडी घालून काचांवर टाकली आणि दोन्ही हात वर केले. सुंदररावांनी एक पाय पलीकडं टाकला. दुसरा टाकताना घोंगडी घसरली, सुंदरराव घसरले, तानाजीनं त्यांना पोटाशी धरलं, आणि मडक्यातली उरलीसुरली आंबील सगळी तानाजीच्या डोक्यावर ओतली गेली. मिशांवरून आंबील गळत तो तसाच भावाला धरून उभा होता.

“मडकं टेकलं का?” भिंतीपलीकडून छबुबाई ओरडली.

“न्हाई! हातातच हाय!” दोन्ही भाऊ एकदमच म्हणाले.

मग ते दोघं भिंतीच्या कडेनं चालले. सुंदररावांनी रिकामं मडकं धरलं होतं. ‘ओलगे ओलगे’ म्हणताना त्यांचा आवाज मध्येच चिरकला. तानाजीनं खणखणीत आवाजात ‘सालम पोलगे’ म्हटलं आणि वर म्हणाला, “आवाज तुजा तसाच बेसूर हाय, दादा. बाप बी हेच म्हणायचा.” उरलेल्या प्लॉटच्या मागं आल्यावर पुन्हा भिंत होतीच. तानाजीनं पहार मागवली. दोन घाव घातले आणि तिसऱ्यासाठी पहार उचलली तोवर भिंतीचा मोठा भाग आपणहून खाली बसला. तानाजीनं सिमेंटमध्ये हात आखडता घेतला होता हे उघड झालं.

शहादेवनं वाकून एक तुकडा उचलला. तो दोन बोटांत चुरला आणि समाधानानं म्हणाला, “वीट आमच्याच भट्टीची हाय. तरी म्हणलं, इतक्या लवकर कशी पडली?”

भिंतीच्या भगदाडातून सुंदरराव आपल्या प्लॉटात शिरले. पांडवांपुढं जाऊन त्यांनी मडकं टेकवलं. फेरी पुरी झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, कुत्रं भुंकत होतं, धर्मराजचा टॉवेल सुटता सुटता राहिला. छबुबाईनं हात पुढं केला.

“आना कागद. करते सही. शबुद म्हंजे शबुद.”

“ताई, आता सही घेऊन काय करू?” शहादेव म्हणाला. “रस्ता का इकत घेऊ? जेवन झालं, तेवढं बास.”

एवढ्यात दोन्ही बाजूंनी माणसं जमली होती. सुंदररावांच्या अंगातला पुढारी जागा व्हायला काही वेळ लागला नाही. भगदाडाच्या मधोमध उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “जनतेची अडचण बघितली अन् रस्ता दिला. स्वतःचा प्लॉट दिला. मागं-म्होरं बघितलं न्हाई.” एक दूधवाला मोटारसायकल ढकलत त्यांच्या अंगाला घासून पार झाला तरी ते बोलतच होते.

मग छबुबाई निघाली. एका हातात भज्जीचं पातेलं, दुसरा हात गुडघ्यावर. विटांच्या ढिगाशी ती थबकली. सुंदरराव बोलायचं सोडून धावले आणि त्यांनी हात पुढं केला.

“धर, पडशील.”

“हात कशाला?” छबुबाई म्हणाली. “रस्ता हाय की आता.”

आणि ती एकटीच विटांवरून पलीकडं उतरली. वत्सलाबाई तिकडून पुढं आली होती. तिनं पातेलं घेतलं, खाली ठेवलं, आणि दोघी जावा भर रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एकीला खोकल्याची उबळ आली, तर दुसरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हायवे नाही, चौक नाही, रिक्षा नाही. त्यांच्या घरापासून भावाच्या घरापर्यंत अंतर होतं ते इतकंच, आणि इतकी वर्षं ते आपणच एवढं लांब करून ठेवलं होतं, हे सुंदररावांना आत्ता, या वयात, डोळ्यांनी दिसलं. त्यांना लाज वाटली. गाडी गेली याचं दुःख त्या लाजेत कुठं बुडालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि कुणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं. सगळेच बघत होते.